दुखानची वाळू आणि जुनी लँड क्रूझर
कतारातील दुखानचे खनिज तेल १९४९ च्या अखेरीस प्रथम परदेशी रवाना झाले, आणि ज्या देशात १९६६ पर्यंत आमच्या रिझर्व्ह बँकेचाच रुपया चालत असे, त्या मुलखातील उंटाची मक्तेदारी क्रमाक्रमाने मोटारींकडे गेली. त्यांतही १९६० साली अवतरलेल्या टोयोटाच्या ‘एफजे ४०’ लँड क्रूझरने वाळूवर सनदेवाचून अंमल बसविला. आज तिचा जीर्णोद्धार घरच्या घरी आरंभणाऱ्या नवशिक्याने रंगाच्या मोहात न पडता प्रथम चासी ठोकून पाहावी, कारण वाळवंटी हवा कोरडी ही समजूत कतारच्या किनाऱ्यावर निखालस खोटी ठरते: खारा दमटपणा पोकळ पोलादात शिरून आतूनच गंज चढवितो. इंजिनाचे भय मात्र व्यर्थ. सहा सिलिंडरांचे ते साधे यंत्र, कार्बोरेटर स्वच्छ आणि ठिणगी वेळेवर असली, की बहुधा निमूटपणे चालू होते.