हृदयाच्या ठोक्यांनी दिलेली साक्ष

१/
डिसेंबर १९५२. लंडनवर कोळशाच्या धुराने काळवंडलेले धुके पाच दिवस ठाण मांडून बसले. त्यात सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा तत्कालीन अंदाज होता. पुढे काही संशोधकांनी तो १२,०००पर्यंत नेला. १९५६ साली ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला.

२/
पुढच्या दशकांत धुराड्यांची जागा मोटारींनी घेतली. हा धूर सहसा डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे हृदयाची लय बिघडत असेल, तर ते सिद्ध कसे करायचे? ठोका चुकतो आणि बरेचदा पुन्हा ताळ्यावर येतो. त्या क्षणाची नोंद ठेवणार कोण?

३/
ती सोय एका वियोगातून झाली. १९६६ साली इस्रायलमध्ये डॉ. मिशेल मिरोव्स्की यांचे गुरू हॅरी हेलर हृदयाची लय बिघडून वारले. लय बिघडताच विजेचा झटका देणारे यंत्र शरीरातच बसवण्याचा ध्यास मिरोव्स्कींनी घेतला. १९८० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते प्रथमच माणसाच्या शरीरात बसवले गेले.

४/
या यंत्राच्या नंतरच्या आवृत्त्या प्रत्येक झटक्याची तारीख व वेळ जपून ठेवू लागल्या. जीवरक्षक यंत्र असे साक्षीदारही झाले. ॲनेट पीटर्स व सहकाऱ्यांनी पूर्व मॅसॅच्युसेट्समधील १०० रुग्णांच्या नोंदी रोजच्या प्रदूषणाशी पडताळून २००० साली निष्कर्ष मांडले: नायट्रोजन डायऑक्साइड वाढला, की त्यानंतर झटक्यांचे प्रमाणही वाढलेले दिसे. शहरांत या वायूचा मोठा स्रोत वाहनेच.

५/
हा परिणाम काही दिवसांतला. वर्षानुवर्षांचे काय? डेन्मार्कमध्ये १९९३ ते १९९७ दरम्यान ५७ हजारांहून अधिक मध्यमवयीन नागरिकांची नोंदणी झाली. त्यांच्या राहत्या पत्त्यांवरून रहदारीच्या प्रदूषणाचा अंदाज बांधला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष: दर घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅम जादा नायट्रोजन डायऑक्साइड, तर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ची जोखीम सुमारे ८ टक्के अधिक.

६/
एका माणसापुरते ८ टक्के किरकोळ वाटतात. लाखोंच्या शहरात तेच असंख्य रुग्ण होतात. अमुक रुग्णाचा ठोका धुरानेच चुकला, असे मात्र या आकड्यांवरून म्हणता येत नाही. १९५२चे मृत्यू थोड्याच काळात ओढवले, म्हणून ते नजरेत भरले. रहदारीच्या धुराचे बळी अनेक वर्षांत, वेगवेगळ्या घरांत विखुरलेले असतात आणि कागदावर केवळ ‘हृदयविकार’ उरतो. त्यांची मोजदाद करायला आधी ठोक्यांची वही लिहिली जावी लागली.