कच्चे मडके आणि तापलेली खोली

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रातली गोष्ट. पुण्यात नोकरीला असलेला माझा एक जुना विद्यार्थी गावी आला होता. बोलता बोलता म्हणाला, "गुरुजी, तिकडं आता खोली तापवून योगासनं करतात. घामाच्या धारा लागतात, अंग लवचिक होतं, मन हलकं होतं. फीही चांगली दणदणीत असते!"

मला हसू आले. आमच्या धाराशिव जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. ज्या सुखासाठी पुणेकर पैसे मोजतात, ते आमच्याकडे पत्र्याखाली फुकट मिळते! पण हसून सोडून दिले असते तर बरे झाले असते. मास्तराच्या डोक्यात एकदा कल्पना शिरली की ती पोरांच्या अंगावर उतरल्यावाचून राहत नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेदहाला, पत्रा चांगला तापल्यावर, मी सहावीच्या वर्गाला सूर्यनमस्कार घालायला लावले. आठव्या नमस्काराला एक मुलगा खाली गेला, तो उठेचना.

त्याला लिंबाच्या सावलीत नेले, ओला पंचा अंगावर टाकला. शुद्धीवर आल्यावर मीठ-साखरेचे पाणी पाजले. त्याने डोळे उघडेपर्यंतची ती दोन मिनिटे मी जन्मात विसरणार नाही. निरोप गेला तसे त्याचे आजोबा आले. ते जातीचे कुंभार. म्हातारा शिव्या देईल म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी नातवाच्या कपाळावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मडकं भट्टीत जायाचंच हाय. पण आदी सावलीत वाळाया लागतंय. उन्हात ठिवलं की तडकतंय."

शिव्या परवडल्या असत्या. त्या एका वाक्याने मला पुस्तके धुंडाळायला लावली.

तापलेल्या खोलीतला योग मुळीच प्राचीन नाही. कलकत्त्याचे विष्णू घोष (१९०३–१९७०) हे परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू आणि नावाजलेले व्यायामशिक्षक. त्यांचे शिष्य विक्रम चौधरी यांनी १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत हा प्रकार रुजवला. खोलीचे तापमान सुमारे ४०.५ अंश सेल्सिअस, वेळ दीड तास, आणि आसने व श्वसनक्रिया मिळून प्रकार २६. जपानच्या थंडीत शिकवताना खोली गरम करण्याची कल्पना सुचली, असे त्यांनीच सांगितले आहे. म्हणजे थंड मुलुखात आपल्याकडची ऊब निर्माण करण्याचा तो खटाटोप! आणि आम्ही तीच ऊब उन्हाळ्यात दुप्पट करायला निघालो.

मग आपले जुने ग्रंथ काय सांगतात? पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या हठप्रदीपिकेत योग्याच्या कुटीचे वर्णन आहे. तिच्याभोवती एका धनुष्याच्या अंतरात दगड, पाणी आणि अग्नी नसावा, असे स्वात्मारामांनी सांगून ठेवले आहे. साधनेच्या आरंभी विस्तवाजवळ बसणेही वर्ज्य. घामाला मात्र त्यांची ना नाही. श्रमाने आलेला घाम अंगावरच चोळावा, त्याने शरीर दृढ आणि हलके होते, असे ते म्हणतात. पण तो घाम श्रमाचा, शेगडीचा नव्हे. पंचाग्नी पेटवून मध्ये बसणारे तपस्वी आपल्याकडे होते खरे, पण ते तप निराळे आणि हा अभ्यास निराळा.

त्यानंतरची घेरंडसंहिता उघडली आणि मी चपापलो. तिथेही मडकेच! पाण्यात ठेवलेले कच्चे मडके जसे विरघळते तसा हा देह झिजतो. म्हणून योगाच्या अग्नीत भाजून तो पक्का करावा, असे घेरंड सांगतात. देहाला ते 'घट' म्हणतात. पण याच ग्रंथात ग्रीष्म, वर्षा, हेमंत आणि शिशिर या चार ऋतूंत योगाचा आरंभ करू नये, असेही बजावले आहे. आरंभ करावा तो वसंतात किंवा शरदात. भाजणी हवी, पण तिचीही वेळ असते.

आपल्या ज्ञानोबांनी तर १२९० साली ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाची जागाच डोळ्यांपुढे उभी केली. निर्मळ पाणी, गर्द झाडी, अगदी थोडे आणि तेही शीतळ ऊन, मंद वारा. बाहेर असा गारवा. आणि आत कुंडलिनी जागी झाली की तिचा जाळ. हाच त्या अध्यायाचा क्रम आहे.

ज्ञानोबांच्या मेळ्यातले वडीलधारे गोरोबाकाका आमच्याच जिल्ह्यातल्या तेरचे. थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांना त्यांनी कच्चे मडके ठरवले, ही कथा घरोघर ठाऊक आहे. पण एक लक्षात घ्या. काकांनी नामदेवांना उचलून भट्टीत घातले नाही. कथा सांगते की नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांच्या हाताखाली पक्के झाले.

हे झाले परंपरेचे. परंपरेचा शब्दही पारखून घ्यावा, ही रीत स्वामी कुवलयानंदांनी घातली. १९२४ साली लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने योगक्रिया तपासल्या. त्याच रीतीने तापल्या खोलीकडे पाहिले तर काय दिसते? २०१८ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी मध्यमवयीन माणसांकडून १२ आठवडे तीच आसने करून घेतली. एका गटाकडून ४०.५ अंशांत, दुसऱ्याकडून २३ अंशांत. रक्तवाहिन्यांचे आरोग्य दोन्हीकडे सुधारले. त्यासाठी उष्णता लागलीच नाही! २०२३ साली बोस्टनमध्ये खिन्नतेने ग्रासलेल्यांवर ८ आठवड्यांचा प्रयोग झाला. तापल्या खोलीत आसने करणाऱ्या दहापैकी जवळजवळ सहाजणांचा त्रास निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरला. मोठीच गोष्ट! मात्र तुलनेचा गट नुसता वाट पाहत बसलेला होता. तेव्हा गुण आसनांचा की उष्णतेचा, हे त्यातून ठरत नाही.

थंडीने आखडलेल्या धडधाकट माणसाला ऊब सुखाची वाटते, स्नायू सैल होतात, हे खोटे नाही. पण हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, म्हाताऱ्यांनी आणि लेकरांनी त्या वाटेला वैद्याला विचारल्याशिवाय जाऊ नये. हे मी पुस्तकातून नव्हे, लिंबाच्या सावलीत शिकलो.

वाचकहो, दिवाळी शरदात येते. योगारंभाला ग्रंथांनी नेमून दिलेला हाच तो ऋतू. पहाटे तेल लावून ऊन पाण्याने न्हालात की अंगाला हवी तेवढी ऊब मिळते. मग अंगणात दोन-चार नमस्कार घाला. उरलेली ऊब अंगातूनच येईल.

आमच्या शाळेत नमस्कार आता सकाळी सातला, लिंबाखाली होतात. तो मुलगा आठवीत गेला आहे आणि न थकता बारा नमस्कार घालतो. दर पाडव्याला त्याचे आजोबा वर्गासाठी एक नवा माठ पाठवतात. त्यातले पाणी पिताना दरवेळी मी तो बोटाने हळूच वाजवून पाहतो.