परसातले बियाणे : कणगीपासून बीजबँकेपर्यंत

ऑक्टोबर लागला, उन्हाची धार जरा बोथट झाली की रुस्ताकमधल्या आपल्या मराठी घरांच्या अंगणात आणि गच्चीवर कुंड्या व रिकामे डबे मातीने भरू लागतात. मेथी, कोथिंबीर, भेंडी, वाल, दुधी असे काही ना काही प्रत्येक घरी लागते. बियाण्याची पुडी बाजारातून येते, हंगाम सरला की वेल उपटला जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी पुडी येते. आपल्या आजीला मात्र भाजीचे बी विकत आणण्याची वेळ क्वचितच येई. दोनतीन पिढ्यांत हे कसे बदलले आणि जे गेले ते राखण्यासाठी आज काय चालले आहे, त्याचा हा थोडक्यात आढावा.

घरची पेढी

जुन्या घरात बियाणे हे बाईच्या ताब्यातले धन असे. वेलावरचा पहिला चांगला दुधी किंवा दोडका तोडायचा नाही, त्याला खुणेची चिंधी बांधायची आणि तो वेलावरच जून होऊ द्यायचा, असा शिरस्ता होता. वाळलेला दोडका आढ्याला टांगला जाई. वाल-पावट्याचे बी राखेत घोळवून मडक्यात भरत आणि मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपून टाकत. कणगीत कडुनिंबाचा पाला घालत. राख ओल शोषून घेते व किडीला अडवते, लिंपण हवा अडवते. ओल आणि उष्णता हेच बियाण्याचे दोन मोठे शत्रू. आजच्या बीजबँकाही याच दोन गोष्टी सांभाळतात, फक्त यंत्राने.

सणावारांतही हे ज्ञान गुंफलेले होते. घटस्थापनेला घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतो आणि नऊ दिवसांत ते कसे उगवते ते पाहतो. रब्बीच्या तोंडावर होणारी ही बियाण्याची घरगुती परीक्षाच म्हणायची. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून परसातले अळू, माठ, भोपळा, सुरण यांची भाजी होते. वर्षातून एक दिवस तरी परसातल्या भाज्यांवाचून घराचे अडत असे. त्यामुळे त्या भाज्या परसात टिकल्या.

पुडीचे युग

1963 मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले आणि 1964 मध्ये देशातील पहिली संकरित ज्वारी, सी.एस.एच.-1, शेतकऱ्यांसाठी बाहेर पडली. त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको कंपनी सुरू केली. त्यांच्या कामाची सुरुवात दिल्लीच्या पुसा संस्थेच्या ‘पुसा सावनी’ भेंडीच्या बियाण्यापासून झाली होती. 1976 मध्ये अकोल्याला महाबीज उभे राहिले. या सर्वांना नावे ठेवण्याचे कारण नाही. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना जास्त पिकणाऱ्या बियाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पण संकरित बियाण्याची एक अट असते. दोन निवडक वाणांच्या संकरातून आलेली पहिली पिढी जोमदार असते. तिचेच बी धरून पेरले तर पुढची पिढी एकसारखी येत नाही, कोणी आईच्या वळणावर जाते, कोणी बापाच्या. म्हणजे दरसाल दुकानात जाणे आले. आणि घरी बी धरण्याचे कारणच उरले नाही, तसे ते कसे धरायचे याचे ज्ञानही घराबाहेर गेले. गावठी वाण एकेक करून दिसेनासे झाले, ते कोणी त्यांच्यावर घाव घातला म्हणून नव्हे. ते दोनतीन वर्षे पेरले गेले नाहीत, एवढेच त्यांच्या नाशाला पुरले.

कोंभाळण्याच्या राहीबाई

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुका कळसूबाईच्या पायथ्याचा. तेथील कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे या महादेव कोळी समाजातल्या शेतकरी बाई, शाळेची पायरी न चढलेल्या. घरातले नातवंड आजारी पडले तेव्हा त्याचा संबंध त्यांनी औषधे फवारलेल्या भाज्यांशी लावला, आणि गावठी बियाणे गोळा करण्याचा ध्यास घेतला. वाल आणि घेवड्याचे कितीतरी प्रकार, भात, नाचणी, वेलभाज्या त्यांनी शेजारपाजारच्या म्हाताऱ्या बायांकडून मिळवल्या. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचन येथे सुरू केलेल्या ‘बाएफ’ संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘सीड मदर’ म्हटले, लोकांनी ‘बीजमाता’ म्हणून ते नाव आपलेसे केले. 2018 मध्ये बीबीसीच्या जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

त्यांच्या बँकेचा व्यवहार ध्यानात घेण्यासारखा आहे. बी न्यायचे, पेरायचे, आणि पिकल्यावर नेले त्याच्या दुप्पट परत करायचे. येथे ठेव वाढते ती वाटल्यामुळे. कायद्याचाही या रीतीला आधार आहे. भारताच्या 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क दिला. फक्त संरक्षित वाणाचे बी कंपनीच्या नावाने विकता येत नाही.

नुसते कुलूपबंद ठेवून बी टिकत नाही, हे एका मोठ्या घटनेने जगाला दाखवले. कोरडवाहू शेतीसाठी काम करणाऱ्या ‘इकार्डा’ संस्थेचा बियाण्याचा संग्रह सीरियात आलेप्पोजवळ होता. युद्धामुळे तेथे काम अशक्य झाले, तेव्हा 2015 मध्ये नॉर्वेतील स्वालबार्डच्या हिमगर्भातील तिजोरीतून (ती 2008 मध्ये उघडली) प्रथमच बियाणे परत काढावे लागले. ते लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरले, वाढवले आणि 2017 मध्ये नव्या पिकाचे बी पुन्हा तिजोरीत पाठवले. तिजोरी उपयोगी पडली, पण अखेर पेरणारा हात लागलाच.

आपल्या रुस्ताकचे उदाहरण

हा विचार येथल्या लोकांना नवा नाही. रुस्ताक विलायतेतच डोंगरात बलद सीत हे गाव आहे. तेथील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचा आणि ओमानच्या जुन्या गव्हांचा अभ्यास सुलतान काबूस विद्यापीठातील व जर्मनीतील कासेल विद्यापीठातील संशोधकांनी केला. कुली, सरराया, मिसानी अशी येथल्या गावठी गव्हांची नावे आहेत. घरोघरी दरवर्षी पेरले गेले म्हणूनच हे गहू शास्त्रज्ञांना पाहायला मिळाले.

रुस्ताकचा फलज अल-मुयस्सर 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. फलजाचे पाणी दिवसा सावलीच्या आणि रात्री ताऱ्यांच्या मोजमापाने वाटून घेण्याची येथे जुनी रीत आहे. सर्वांचे पाणी, प्रत्येकाची पाळी आणि दुरुस्ती सर्वांनी मिळून करायची. बियाण्याची सामाईक पेढीही याच रीतीने चालते.

आपण काय करू शकतो?

प्रथम एक सावधगिरी. गावाहून बियाणे सामानात लपवून आणू नये. त्याला आयातीची परवानगी आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. बियांबरोबर रोग व किडी येतात आणि त्याचा फटका येथल्या बागांना बसू शकतो.

बी येथेच घ्यावे, पुडीवर ‘हायब्रीड’ किंवा ‘एफ-1’ लिहिलेले नाही ना ते पाहून. सुरुवात वाल, घेवडा, मेथी, कोथिंबीर यांपासून करावी. वाल-घेवडा बहुधा स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळे वाण सहसा बिघडत नाही. दुधी-दोडक्याचे बी धरायचे तर जवळपास त्याच भाजीचा दुसरा वाण नसावा. दोनतीन निरोगी झाडे बियांसाठी राखावीत, शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. बी सावलीत चांगले सुकवून घट्ट झाकणाच्या बाटलीत घालावे, वर नाव व वर्ष लिहावे आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. रुस्ताकचा उन्हाळा बियाण्याला सोसत नाही.

दुसरे काम पैशाविना होणारे आहे. आई, सासूबाई, मावशी यांना फोनवर विचारून घ्यावे, की आपल्या परसात कोणता वाल होता, त्याला काय म्हणत, बी कसे राखत, आमटीत तो कसा लागे. हे सारे वहीत उतरवावे. आपल्या मुलांना पावटा आणि घेवडा यांतला फरक सांगणारे कोणी राहिले नाही, तर बियाणे मिळूनही त्याचे काय करायचे ते त्यांना कळणार नाही.

ऑक्टोबरात पेरलेले बी मार्चपर्यंत वाळून हाती येते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भिजवलेल्या हरभऱ्यांबरोबर त्याची एकेक पुडी देता येईल आणि पुढच्या चैत्रात दोन पुड्या परत मागता येतील. बियाण्याच्या जातीला आपण वाण म्हणतो आणि संक्रांतीला लुटतो त्यालाही वाणच म्हणतो. दोन्ही हातोहात फिरली तरच राहतात.