माळ, वणवा आणि वगळलेली माणसे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. तिथल्या विद्यापीठाच्या आर्बोरेटमचे, म्हणजे वृक्षोद्यानाचे, नाव पर्यावरणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. नांगरून आणि चारून संपलेली जमीन पुन्हा तिच्या जुन्या रूपात आणण्याचा शास्त्रीय प्रयोग तिथे १९३०च्या दशकात सुरू झाला आणि आजही चालू आहे. मी या प्रयोगाचा अभ्यास करायला गेलो तेव्हा गवतापेक्षा एका सालाने मला अधिक अडवून धरले.

उद्यानाचे उद्घाटन १७ जून १९३४ रोजी झाले. आदल्याच वर्षी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आलेले आल्डो लिओपोल्ड त्या दिवशी बोलले. वृक्षोद्यान म्हणजे देशोदेशीच्या झाडांचा संग्रह, ही रूढ कल्पना त्यांनी बाजूला सारली. १८४०च्या दशकात आपले पूर्वज इथे आले तेव्हा हा प्रदेश जसा होता, त्याचा एक नमुना उभा करायचा, हे उद्दिष्ट त्यांनी मांडले.

१८४०च का? या भूमीचे मूळ रहिवासी हो-चंक. मॅडिसनच्या परिसराला ते तेजोप म्हणतात, म्हणजे चार सरोवरे. १८३२ साली, ब्लॅक हॉकचे युद्ध संपल्या-संपल्या झालेल्या तहात त्यांना हा मुलूख सोडून देणे भाग पाडले गेले. पुढे १८७४ पर्यंत त्यांना वारंवार हद्दपार केले गेले आणि ते वारंवार चालत परत आले. म्हणजे ‘मूळ’ म्हणून जे चित्र डोळ्यांसमोर ठेवले गेले, ते घरातल्या माणसांना बाहेर काढल्यावर टिपलेले होते. लिओपोल्डांबद्दल मला अतिशय आदर आहे, तरी हे नोंदवायलाच हवे.

काम मात्र विलक्षण झाले. मंदीचा काळ होता. सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांचा तळ १९३५ साली उद्यानात पडला. थिओडोर स्पेरी या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली त्यांनी आसपासच्या उरल्यासुरल्या माळांवरून गवताची ढेपळे मुळांसकट खणून आणली आणि एका जुन्या शेताच्या कुरणात लावली. अमेरिकी लोक या माळाला प्रेअरी म्हणतात. लावलेली झाडे तगली, पण युरोपातून आलेले कुरणाचे गवत हटेना. ते वसंताच्या सुरुवातीलाच हिरवे होते, जागा अडवते आणि देशी गवत उशिरा डोके वर काढते तोवर खेळ संपलेला असतो.

उत्तर सापडले ते आगीत. १९४०च्या दशकात जॉन कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या तुकड्यांवर जाळून पाहिले. वसंतातल्या आगीत परके गवत ऐन फुटव्यात होरपळते. देशी गवताचे कोंब तेव्हा मातीखाली सुरक्षित असतात, मुळे तर कितीतरी खोल गेलेली असतात. वरचा जुना कचरा जळून गेला की काळी पडलेली जमीन लवकर तापते आणि तेच गवत जोमाने उठते. १९४८ साली हे निष्कर्ष छापून आले. आज त्या सत्तरेक एकरांच्या माळाला कर्टिस यांचेच नाव आहे आणि तो ठरावीक काळाने जाळला जातो.

हा शोध म्हणून सांगितला जातो. पण दक्षिण विस्कॉन्सिनचे माळ आणि विरळ ओकवने टिकली होती ती मूळ रहिवाशांनी हेतुपुरस्सर लावलेल्या आगींमुळे. शिकारीच्या जनावरांना कोवळा चारा मिळावा, बोरीबेरीची झुडपे पुन्हा फुटावीत, वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून ते जाळत. ती माणसे गेली, आग थांबली आणि काही दशकांतच माळावर रान माजले. याच विद्यापीठात शिकलेल्या जॉन म्यूर यांनी १९१३ साली छापलेल्या बालपणाच्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे : शेतकऱ्यांनी वणवे बंद केले आणि मोकळी ओकवने दाट झाली. म्हणजे पुस्तक ग्रंथालयात होते आणि हो-चंक कुटुंबे सुमारे दोनशे किलोमीटरवर ब्लॅक रिव्हर फॉल्सच्या भागात नांदत होती. प्रयोगाची जी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, तिच्यात ती येत नाहीत. (आपल्याकडे सह्याद्रीतल्या कुमरी शेतीवर इंग्रजी वनखात्याने बंधने घातली तीही आगीच्या अशाच धास्तीने. आणि दख्खनचे माळ सरकारी नकाशांत ‘पडीक’ ठरले.) लिओपोल्ड स्वतः १९४८च्या एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्या रानातली गवताची आग विझवताना हृदयविकाराने गेले.

अलीकडे विद्यापीठाच्या आवारात हे चित्र बदलू पाहते आहे. सरोवराच्या काठाने मूळ रहिवाशांच्या सांस्कृतिक भूदृश्याची फेरी काढली जाते. मीही त्या वाटेने चाललो. वेधशाळेच्या टेकडीवर मातीच्या उंचवट्यांतून साकारलेला पक्षी आहे आणि त्याच्याजवळ दोन शेपट्यांचे जलदैवत. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या या आकृती. असे कितीतरी उंचवटे इमारतींखाली आणि नांगराखाली गेले. याच सरोवराच्या तळातून २०२१ साली सुमारे १२०० वर्षांपूर्वीची आणि २०२२ साली सुमारे ३००० वर्षांपूर्वीची, अखंड लाकूड कोरून केलेली होडी वर काढण्यात आली. वसंतात मूळ रहिवासी विद्यार्थ्यांची संघटना पॉववॉव भरवते, म्हणजे ढोल आणि नाचांचा मेळा. काठच्या राखीव रानात स्वयंसेवक परकी झुडपे उपटतात.

जून २०१९ मध्ये विद्यापीठाने एक फलक बसवला. आपण हो-चंकांच्या पूर्वापार भूमीवर आहोत आणि १८३२ साली ती त्यांच्याकडून बळाने घेतली गेली, हे त्यावर स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये हो-चंक राष्ट्राचा ध्वज मुख्य इमारतीवर प्रथमच फडकला. या गोष्टींना नुसता देखावा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण सुमारे १७० वर्षे एवढेही घडले नव्हते. पण फलकाने जमीन परत जात नाही. १८६२च्या कायद्याने या विद्यापीठाला राज्याच्या उत्तर भागात सुमारे २ लाख ३५ हजार एकर जमीन मिळाली. ती मेनॉमिनी आणि ओजिब्वे लोकांकडून घेतलेली होती आणि तिच्या विक्रीतून विद्यापीठाचा निधी उभा राहिला. फेरीनंतर एका विद्यार्थिनीने त्याच पैशांविषयी विचारले, तेव्हा घोळका बराच वेळ गप्प होता.

मॅडिसनच्या वायव्येला, बाराबू टेकड्यांच्या पायथ्याशी, सॉक प्रेअरी नावाचा विस्तीर्ण माळ होता. १९४२ साली तिथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, युद्धे संपली तसा तो बंद पडला. त्यातली १५०० एकरांहून अधिक जमीन २०१४च्या कायद्याने हो-चंक राष्ट्राकडे आली. तिला त्यांनी ‘पवित्र भूमी’ या अर्थाचे आपल्या भाषेतले नाव दिले आहे. कारखान्याच्या त्या जमिनीवर ते आता पुन्हा माळ उभा करताहेत.