बक्षीस कोणाच्या हातून?

१५२४ साली बार्सिलोना नगरीत तेहेतीस वर्षांचा एक प्रौढ विद्यार्थी लॅटिन व्याकरणाचे प्राथमिक धडे गिरवू लागला. तीन वर्षांपूर्वी पांप्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला होता आणि चालताना तो लंगडत असे. पुढे येशूसंघाची स्थापना करणारे संत इग्नेशियस लोयोला ते हेच. पाठांतराला बसले की त्यांच्या मनात अध्यात्माचे नवनवे गोड विचार दाटून येत आणि धातुरूपे बाजूला राहत. प्रार्थनेच्या वेळीही जे विचार येत नाहीत, ते नेमके व्याकरणाच्या वेळीच का यावेत, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि 'हा मोह आहे' असे उत्तरही स्वतःच दिले. मग ते आपले गुरुजी जेरोनिमो अर्देवोल यांना घेऊन सान्ता मारिया देल मार या चर्चमध्ये गेले. भाकरी आणि पाणी मिळत आहे तोवर ही दोन वर्षे आपण तुमच्या पाठाकडे कधीही दुर्लक्ष करणार नाही, असे वचन त्यांनी गुरुजींना दिले.

संतचरित्रातील हा प्रसंग आपण भक्तिभावाने वाचतो आणि पुढे जातो. पण अभ्यास कसा होतो, या प्रश्नाच्या इतिहासात त्याला वेगळे मोल आहे. इग्नेशियसना कोणी छडी दाखवली नव्हती की बक्षिसाचे आमिषही दिले नव्हते. आपले मन कोठे भरकटते हे त्यांनीच हेरले, त्याचे कारण शोधले, मुदत ठरवली आणि वचनाने स्वतःला बांधून घेतले. आज मानसशास्त्रज्ञ ज्याला 'स्वनियमित अध्ययन' म्हणतात, त्याची सारी लक्षणे येथे आहेत.

एवढेच नव्हे. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळालेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात विशिष्ट आत्मपरीक्षणाची एक रीत सांगितली आहे. आपला एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्यापासून दूर राहण्याचा निश्चय करायचा. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर स्वतःची झडती घ्यायची आणि जितक्या वेळा घसरलो, तितके ठिपके कागदावरच्या रेघेवर काढायचे. पुढे दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. हा हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एकच असतो.

मात्र याच संघाच्या शाळांनी पुढे जी रीत रूढ केली, ती निराळी होती. १५४८ साली सिसिलीतील मेस्सिना येथे त्यांचे पहिले मोठे विद्यालय निघाले आणि १५९९ साली संघप्रमुख क्लाउदिओ आक्वाविवा यांच्या कारकिर्दीत 'रातिओ स्तुदिओरुम' ही शिक्षणसंहिता प्रसिद्ध झाली. तीत बक्षिसांसाठी स्वतंत्र नियम आहेत. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या जात आणि समोरचा चुकला की त्याची चूक काढणे हे प्रतिस्पर्ध्याचे काम असे. अनेक ठिकाणी वर्गाचे रोम आणि कार्थेज असे दोन तट पडत. बक्षीस मिळवणाऱ्याचे नाव भरसभेत पुकारले जाई. ही व्यवस्था आज आपल्याला कृत्रिम वाटेल, पण तिचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. युरोपातल्या शाळांतून तेव्हा मुलांना सर्रास बडवून काढीत. मारापेक्षा मानाची आशा आणि फजितीची भीती अधिक काम करते, असे या संहितेने शिक्षकांना बजावले. छडीच्या जागी बक्षीस आले ही त्या काळी करुणाच होती. आपल्या शाळांतील बक्षीस समारंभ, तसबिरी, पदके, पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाचे कौतुक यांच्या मुळाशी पाहू गेल्यास या परंपरेचा मोठा वाटा दिसेल.

ह्या प्रश्नाकडे मी वळलो तो माझ्याच एका चुकीमुळे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले प्रार्थना पाठ करीनात, म्हणून प्रत्येक प्रार्थनेमागे एक पवित्र चित्र देण्याचा क्रम मी सुरू केला. पाठांतर धडाक्यात झाले. एका रविवारी चित्रे संपली. नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारले, "सर, आज चित्र नाही?" मी नाही म्हणताच त्याने पुस्तक मिटून बाकाखाली ठेवले. हा मुलगा चित्रांच्या आधी, सावकाश का होईना, आपणहून वाचत असे. म्हणूनच ते मिटलेले पुस्तक माझ्या मनातून जाईना.

बक्षिसाविषयीची एक ठळक शंका ज्या ठिकाणी उमटली, ते ठिकाण रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत आहे. १९०७ साली ६ जानेवारीला, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, डॉ. मारिया माँटेसरी यांनी तेथील चाळीत 'बालकांचे घर' उघडले. मजुरांची तीन ते सहा वर्षांची पन्नासएक मुले तेथे जमत. एके दिवशी माँटेसरीबाई आत आल्या तेव्हा खोलीच्या मध्यभागी एक मुलगा खुर्चीवर एकटाच बसलेला होता आणि शिक्षिकेने चांगल्या वर्तणुकीसाठी तयार केलेला क्रूस त्याच्या छातीवर झळकत होता. चौकशी करता कळले की त्या मुलाला शिक्षा झालेली आहे! क्रूस मिळाला होता दुसऱ्याच मुलाला. तो त्याला कामात अडचण करीत होता, म्हणून त्याने तो काढून ह्या बसून राहिलेल्याला देऊन टाकला होता. शिक्षा झालेला मुलगाही क्रूसाकडे पाहत निवांत बसला होता. बक्षीस आणि शिक्षा दोन्ही एकाच खुर्चीवर येऊन बसली होती आणि दोहोंचाही उपयोग शून्य होता.

तेथीलच आणखी एक हकीकत. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यात लहानमोठे दट्टे बसवीत होती. ती काढी, पुन्हा बसवी. माँटेसरीबाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गायला आणि फिरायला लावले, शेवटी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. मुलीने दट्टे मांडीवर घेतले आणि आपले काम चालूच ठेवले. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केले आणि मग गाढ विश्रांतीतून उठल्यासारखी प्रसन्न होऊन थांबली. तिला शाबासकी कोणी दिली नाही, तिनेही ती मागितली नाही.

१९३९ साली माँटेसरीबाई मद्रासजवळ अड्यार येथे आल्या आणि युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. परंतु त्यांची विचारधारा आपल्या किनाऱ्यावर त्याआधीच पोहोचली होती. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. युरोपातील महागडी साधने परवडणार नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, खडे यांचीच साधने झाली. वसईकरांना बोर्डी काही दूर नाही. पण आपल्या धर्मग्रामांतील किती शिक्षकांनी तेव्हा तेथे पाऊल टाकले असेल, कोण जाणे.

दरम्यान अमेरिकेत वारे उलट दिशेने वाहत होते. ज्या कृतीचे फळ सुखद, ती कृती टिकते हा थॉर्नडाइक यांचा नियम आणि त्यावर स्किनर यांनी उभारलेले शास्त्र यांनी शाळा व्यापल्या. सोनेरी तारे, गुण, टोकन यांची चलती झाली. या मताला प्रयोगाने पहिला मोठा तडा दिला तो एडवर्ड डेसी यांनी. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सोमा नावाचे कोडे सोडवायचे होते. काहींना मधल्या बैठकीत प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला. पुढच्या बैठकीत पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्यांचा कोड्याकडील ओढा पूर्वीपेक्षा कमी झालेला दिसला. विद्यार्थी चोवीसच होते आणि फरकही फार ठळक नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

१९७३ सालचा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्यातील मुले माझ्या वर्गातल्या मुलांहूनही लहान होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत रंगीत पेनांनी चित्रे काढायची आवड असलेली ५१ मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीही न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी ती पेने पुन्हा वर्गात मोकळी ठेवली. बक्षिसाचा करार झालेल्या मुलांनी आपल्या वेळापैकी सुमारे साडेआठ टक्के वेळ त्यांना दिला. अवचित बक्षीस मिळालेल्यांनी अठरा, आणि काहीच न मिळालेल्यांनी जवळजवळ सतरा टक्के. म्हणजे अपाय प्रशस्तिपत्राने नव्हे, आधी केलेल्या सौद्याने झाला होता. खेळाचे काम झाले होते.

यावर पुढे वाद माजला. बक्षिसांचा अपाय फुगवून सांगितला जातो, असे कॅमेरॉन आणि पियर्स यांनी १९९४ साली मांडले. डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली १२८ अभ्यास एकत्र तपासून आधीचा निष्कर्ष पुन्हा उचलून धरला. मात्र शब्दांतली शाबासकी सहसा आवड वाढवते, हेही त्यांनी मान्य केले. मुळातच कंटाळवाण्या कामाला बक्षीस दिल्याने आवड कशी मरणार, ही विरोधकांची बाजू मला रास्त वाटते. जेथे आवड आहे तेथे सौदा करणे, हे खरे दुखणे.

पण बक्षीस काढून घेतल्याने मूल आपोआप अभ्यासाला लागते, असे थोडेच आहे? येथे बंडुरा आणि शंक यांचे १९८१ सालचे संशोधन उपयोगी पडते. वजाबाकीत कच्च्या असलेल्या चाळीस मुलांना सात बैठकांसाठी ४२ पानांचा अभ्यास दिला होता. एका गटाला सुचवले, दर बैठकीत सहा पाने करा. दुसऱ्याला सांगितले, शेवटपर्यंत ४२ पाने पुरी करा. काम तेच, पाने तीच. जवळचे टप्पे मिळालेली मुले वजाबाकीत पुढे गेलीच, शिवाय 'मला हे येते' असा विश्वास त्यांना आला आणि ज्या गणितांचा कंटाळा होता त्यांत रसही वाटू लागला. आवड आधी आणि यश मागून, असे आपण समजतो. येथे छोट्या यशांमागून आवड आली.

१९८६ साली झिमरमन आणि मार्टिनेझ-पॉन्स यांनी दहावीच्या ८० विद्यार्थ्यांना विचारले : घरी अभ्यास करताना, परीक्षेची तयारी करताना तुम्ही नेमके काय करता? मिळालेल्या उत्तरांतून चौदा रीती निघाल्या. उद्दिष्ट ठरवणे, नोंद ठेवणे, बसायची जागा नीट करणे, अडले तर मोठ्यांना विचारणे आणि अशा इतर. केवळ ही उत्तरे पाहून कोणता विद्यार्थी वरच्या तुकडीतला आणि कोणता खालच्या, हे ९३ टक्के वेळा बरोबर ओळखता आले. त्या चौदांत एक रीत अशीही होती : काम झाले तर स्वतःला काही द्यायचे, नाही झाले तर द्यायचे नाही. बक्षीस येथे पुन्हा हजर झाले, फक्त देणारा हात बदलला. इग्नेशियसच्या ठिपक्यांच्या रेघा मला आठवल्या त्या हे वाचताना.

माझ्या वर्गात आता मोठी प्रार्थना चार तुकड्यांत लिहिलेली असते आणि कोणता तुकडा झाला याची खूण मूल स्वतःच्या वहीत स्वतःच करते. पवित्र चित्रे मी कपाटातून काढतो ती न सांगता, एखाद्या रविवारी, सगळ्यांसाठी. त्या मुलाच्या वहीत तीन खुणा झाल्या आहेत. मात्र वर्गात शिरताना तो अजूनही आधी कपाटाकडेच पाहतो.