म्हसवडात म्हसवडकर नसतात

गाव सोडल्याशिवाय गावाचं नाव माणसाला चिकटत नाही. साताऱ्यात राहणाऱ्याला साताऱ्यात कुणी सातारकर म्हणत नाही. तो मुंबईला गेला, बडोद्याला गेला, की तिथले लोक त्याला त्या नावानं हाक मारतात. म्हणजे आडनावाच्या शेवटी 'कर' लागला की समजावं, या घराण्यात कुणीतरी, केव्हातरी, गाठोडं डोक्यावर घेतलं होतं.

आमचं आडनाव म्हसवडकर. राहायला वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. आमच्याकडं ऊस, हळद, बारा महिने विहिरीला पाणी. म्हसवड इथून खानापूर-आटपाडीच्या माळापलीकडं, माणदेशात. पावसाच्या पाठीला असलेला मुलूख. तिथून आपण इथं कवा आलो, कसं आलो, हे माझ्या लहानपणी घरात कुणी विचारत नव्हतं. विचारायची वेळ आणली ती एका निवडणुकीनं. आमचे आण्णा, म्हणजे वडील, ग्रामपंचायतीला उभे राहिले, तर पारावर एकजण सगळ्यांदेखत म्हणाला, "म्हसवडकरांनी म्हसवडात हुबं ऱ्हावं की. हितं कशाला?"

चार माणसं हसली. आण्णाही हसले. पण घरी आल्यावर जेवले नाहीत.

पाच पिढ्या याच मातीत गेलेल्या माणसाला बाहेरचा म्हणणं हे नवं नाही. मराठेशाहीत कुळांचे दोन प्रकार होते. ज्याची जमीन वडिलोपार्जित, विकता येणारी, तो मिरासदार; त्यालाच थळकरी म्हणत. दुसऱ्या गावाहून येऊन पडीक जमीन कसणारा तो उपरी. मिरासदार परागंदा झाला तरी बऱ्याच वर्षांनी परत येऊन तो आपली मिरास मागू शके. उपऱ्याला तसा हक्क नसे, आणि गावच्या मानपानात तो मागं उभा. इंग्रजांच्या रयतवारीत हा भेद कागदावरनं हळूहळू पुसला गेला. जिभेवरनं मात्र पुसला नाही. 'उपरा' हा शब्द आपण अजून वापरतो.

त्या पारावरच्या बोलण्यानंतर आण्णांनी एक धरून ठेवलं, की आपण मूळचे म्हसवडचे माने. म्हसवडच्या माने देशमुखांचं घराणं इतिहासात आहेच. १६९७ साली संताजी घोरपड्यांचा घात झाला, त्यात ज्यांचं नाव घेतलं जातं ते नागोजी माने याच घराण्यातले. आता असल्या पुरुषाशी नातं सांगून काय मिळवायचं, हे मी आण्णांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "वाईट का हुईना, नाव तर हाय." आपल्याकडं वंशावळ काढायला बसलेला प्रत्येक जण शेवटी सरदाराच्या वाड्यात जाऊन पोचतो. एवढे सरदार होते, तर घोड्यांना दाणा कोण घालत होतं, कुणास ठाऊक!

कागद बघायचे तर मोडी आली पाहिजे. मी ती शिकलो नाही, पण एका मोडीच्या जाणकारांना सोबत घेऊन जुने उतारे पाहिले. पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की जुन्या कागदात आडनाव फारसं नसतंच. माणसाचं नाव, मग 'बिन', मग बापाचं नाव. झालं. अमका बिन तमका. गावात तेवढ्यानं भागायचं. पाटील, कुलकर्णी, चौगुला यांना त्यांचं वतनच आडनावासारखं होतं. बाकीच्यांना आडनावाची गरज पडली ती शाळेच्या दाखल्यात, पलटणीच्या यादीत, गिरणीच्या मस्टरवर. विचारणारा कारकून परका, म्हणून उत्तरात गाव आलं.

थोरामोठ्यांचंही असंच. मल्हाररावांचं घराणं होळ गावावरून होळकर झालं. त्याआधी ते वाफगावचे. होळला मुक्काम झाला नसता, तर इंदूरच्या गादीवर वाफगावकर बसले असते. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं; मूळ गाव आंबडवे, त्यावरून शाळेत आंबडवेकर, आणि पुढं आंबेडकर. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर लावलं. प्रत्येक ठिकाणी नाव गावाचं आहे, आणि माणूस त्या गावाबाहेर आहे.

आमच्या उताऱ्यांत एका पिढीपर्यंत नुसतं 'बिन' आहे, आणि पुढच्या पिढीला म्हसवडकर. हा बदल ज्या सुमाराला होतो तो काळ १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतरचा. त्या दुष्काळात साताऱ्याचा पूर्वभाग, सोलापूर, विजापूरकडचा मुलूख होरपळून निघाला. सरकारनं खडी फोडायची, तलाव खणायची कामं काढली. म्हसवडजवळ माणगंगेवरचा राजेवाडीचा तलाव हे त्याच दुष्काळातलं काम. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल यांच्या सांगण्यावरून मजुरी कमी केली : दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे आजच्या मापानं अर्धा किलोसुद्धा नाही, आणि त्यावर दिवसभर दगडमाती वाहायची. हजारो मजुरांनी काम सोडून दिलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. आमचे लोक त्या तलावावर होते का, हे कुठल्या कागदात लिहिलेलं नाही. पण निघाले ते याच दिवसांत, आणि पाण्याच्या दिशेनं निघाले, एवढं आमच्या हेळव्यानं सांगितलं.

हेळवी म्हणजे काय हे आता शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. सांगली-कोल्हापूर-बेळगाव भागात वंशावळी सांगत फिरणारे हे लोक. कन्नडात हेळव म्हणजे पांगळा. बैलावर बसून यायचे, सुगी झाल्यावर, आणि दारात बसून घराण्याची नावं घडाघडा म्हणायचे. मूळ पुरुष कोण, कुठनं आला, त्याला मुलगे किती, कुणाचा वंश खुंटला. बदल्यात जोंधळे, जुनं धोतर, एखाद्या घरी भांडं. आमच्या हेळव्याच्या वहीत माने नव्हते. आण्णांनी दोनदा वाचायला लावलं. हेळवी म्हणाला, "धनी, हाय ती सांगतो. नाय ती कशी सांगू?" म्हसवडच्या बाहेरची एक वाडी, कोरडवाहू तुकडा, दोन भाऊ. एक तिथंच गेला, दुसरा बायकापोरं घेऊन निघाला.

तो वाचत होता तेव्हा आजी उंबऱ्यात बसून ऐकत होती. सात पिढ्या झाल्यावर म्हणाली, "आन बायका कुटं गेल्या रं? समदं बापयच बाळंत झालं व्हय?"

हेळवी हसला. त्याच्या वहीत बायका नव्हत्या. पण आजीच्या तोंडी होत्या. आजीला आळीत तिच्या नावानं कुणी हाक मारत नसे, ती खरसुंडीकरीण. तिची सासू दिघंचीकरीण. तिच्याही वरची वरकुट्याची. मी ही गावं नकाशावर बघितली, तर खरसुंडी आणि दिघंची आटपाडी तालुक्यात, वरकुटे माणमध्ये. सगळी म्हसवडच्या आसपासची, त्याच दुष्काळी पट्ट्यातली. कृष्णाकाठाला येऊन दोन-तीन पिढ्या झाल्या, तरी पोराला बायको करायची तर आमचे लोक माणदेशातच जात होते. इथला कुणी त्यांना लेक देत नव्हता, असंही असेल. आईपासून हे बदललं. आई शिराळ्याकडची. म्हणजे सुमारे सत्तर वर्षं लागली इथल्या सोयरिकीत शिरायला. जमीनही तशीच उशिरा आली : कसत होतो ती कुळकायद्यानं नावावर झाली, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर. आडनावानं एक गाव सांगितलं. बायकांच्या नावांनी सगळी वाट सांगितली, आणि ती कुठं संपली तेही.

मी एकदा मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडला गेलो. गुलाल-खोबऱ्यानं रस्ता भरलेला. एका दुकानात बसून म्हातारबाबांना विचारलं, "इथं म्हसवडकर कुणी आहेत का?" ते म्हणाले, "समदंच म्हसवडचं की. तुमास्नी कोन पायजे?" माझं आडनाव सांगितल्यावर त्यांनी नीट बघितलं आणि पोराला चहा सांगितला. म्हणाले, "गेल्याली मानसं व्हय तुमी." आण्णांना हे घरी येऊन सांगितलं, तर ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "चहाचं पैसं त्येनी दिलं का तू?" त्यांनीच दिले म्हटल्यावर मान हलवली. माने देशमुखांचा विषय त्यानंतर त्यांनी काढला नाही. पुढच्या निवडणुकीला मात्र उभे राहिले, पडले, आणि त्याच्या पुढच्या वेळी निवडून आले.

माझा चुलतभाऊ आता कोइमतुरला असतो. आजीच्या माहेरच्यांनी त्याला गलाईच्या धंद्यात नेला. सोनं-चांदी गाळायच्या या कामात खानापूर-आटपाडीची माणसं देशभर पसरलीत. त्याचा पोरगा तिथंच जन्मला. त्या बाजूला आडनाव लावायची रीत नाही. नावाआधी बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लावतात. शाळेत घालताना फॉर्मवर म्हसवडकर लिहिलं, तर मास्तरांनी विचारलं, हे गावाचं नाव इथं कशाला? भावानं खोडून टाकलं. दाखल्यावर आता पोराचं नाव आणि बापाचं अक्षर, एवढंच आहे. अमका बिन तमका.