नागमणि आणि नागार्जुन

भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं पवनी नांवाचें जुनें नगर आहे. तेथील जगन्नाथ टेकडीचें उत्खनन १९६९-७० सालीं झालें, तेव्हां मातीखालून इसवी सनापूर्वीचा एक विशाल स्तूप बाहेर आला. त्याच्या कठड्याच्या एका खांबावर पांच फणांचा नाग कोरलेला असून ब्राह्मी लिपींत त्याचें नांवहि दिलेलें आहे. तो मुचलिंद, ध्यानस्थ बुद्धावर पावसांत फणा धरणारा. ज्याच्या दाढेंत विष आहे तोच रक्षणकर्ता, ही कल्पना या भूमींत निदान दोन हजार वर्षांची आहे. आज ज्या इसमाविषयीं मला बोलावयाचें आहे, त्यानें याच कल्पनेचा व्यापार मांडला. त्याचें नांव प्रोफेसर नागमणि. तो प्रत्यक्षांत कधीं जन्मला नाहीं. मुलांच्या चित्रकथांतील तो एक दुष्ट शास्त्रज्ञ आहे.

चित्रकथांचा विषय काढला म्हणजे सुशिक्षित घरांतील वडील मंडळी किंचित् हंसतात. तीच चित्रकथा गणिताच्या वहीखालीं दडवलेली सांपडली म्हणजे मात्र हंसत नाहींत. परंतु एखाद्या समाजाला विद्येचें भय कोणत्या रूपानें वाटतें हें पाहावयाचें असेल, तर पंडितांच्या ग्रंथांपेक्षां हीं चार आण्यांचीं पुस्तकें अधिक मोकळेपणानें बोलतात.

चित्रकथेंतील दुष्ट शास्त्रज्ञ हें पात्र प्रथम अमेरिकेंत रूढ झालें. सुपरमॅन १९३८ च्या जूनमध्यें अवतरला, आणि लौकरच त्याच्या लेखकांपुढें अडचण उभी राहिली. ज्याला बंदुकीची गोळी लागत नाहीं, त्याच्यापुढें साधा दरोडेखोर किती पानें टिकणार? बाहुबलाला तोड बुद्धीचीच. म्हणून १९३९ च्या जूनमध्यें ‘अल्ट्रा-ह्युमॅनाइट’ हा पंगु देहाचा आणि अचाट बुद्धीचा शत्रु आला. १९४० च्या फेब्रुवारींत बॅटमॅनला ह्यूगो स्ट्रेंज आणि कॅप्टन मार्व्हलला डॉक्टर सिव्हाना भेटला. त्याच एप्रिलमध्यें लूथर प्रगट झाला. गंमत अशी कीं, आरंभीं लूथरच्या डोक्यावर तांबडे केस होते. त्याला टक्कल पडलें तें १९४१ पासून.

एका वर्षाच्या आंत असे चौघे जन्मास यावे, हा केवळ योगायोग म्हणतां येत नाहीं. २२ एप्रिल १९१५ रोजीं ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनीं क्लोरीन वायु सोडला, आणि त्या कामावर देखरेख होती फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाची. हवेंतील नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची त्याची पद्धति आज जगाच्या शेतांना खत पुरविते. तिच्याबद्दल त्याला १९१८ चें नोबेल पारितोषिकहि मिळालें. खत त्याच डोक्यांतलें, वायुहि त्याच डोक्यांतला. हें एकदां पाहिलेल्या पिढीनें पुढें चित्रकथा लिहिल्या.

पुढची हकीकत तर अधिक बोलकी आहे. १९४४ सालीं एका कथेंत लूथरच्या हातीं अणुबाँब देण्यांत आला. अमेरिकेच्या युद्धखात्याला तें रुचलें नाहीं आणि कथा अडकून पडली. ती प्रसिद्ध झाली १९४६ च्या आरंभीं. म्हणजे हिरोशिमा जळून गेल्यानंतर. तो खरा बाँब कोणा टकल्या माणसानें तळघरांत एकट्यानें केला नव्हता. सरकारच्या हुकुमानें आणि सरकारच्या पैशानें हजारों माणसांनीं तो केला होता. चित्रकथेचा खोटेपणा येथें उघडा पडतो. तिच्यांतील शास्त्रज्ञ एकटा असतो. त्याला ठोसा मारला कीं प्रश्न मिटतो. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथें स्फोटकांचा सरकारी कारखाना आहे. २४ जानेवारी २०२५ रोजीं तेथें स्फोट होऊन कामगार मृत्युमुखीं पडले. या जिल्ह्यांतील घरांना शास्त्राच्या भयाची ओळख कोणा प्रोफेसराच्या विकट हास्यानें झालेली नाहीं. पाळीवर गेलेल्या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून ती झालेली आहे.

आतां नागमणीकडे वळूं. १९८६ सालीं दिल्लीच्या राज कॉमिक्सनें ‘नागराज’ ही हिंदी चित्रकथा काढली. तिचीं चित्रें काढणारे प्रताप मुळीक हे पुण्याचे. अमर चित्रकथेमुळें त्यांची रेषा त्यापूर्वींच घरोघर ठाऊक झाली होती. नागराज हा ज्याच्या देहांत सर्प वसतात आणि ज्याचा दंश प्राणघातक आहे असा वीर. परंतु कथेच्या आरंभीं तो वीर नसतोच; तो प्रोफेसर नागमणीचा माल असतो. प्रोफेसर जगांतील गुन्हेगारांपुढें त्याचें प्रदर्शन मांडतो आणि त्याला भाड्यानें देऊं करतो. नागराजानें बंड करूं नये म्हणून त्याच्या मस्तकांत एक कुपी बसविलेली असते. पहिल्याच कामगिरीवर, एका मंदिरांतील मूर्ति पळवावयास तो जातो, तेव्हां बाबा गोरखनाथांची गांठ पडते. ते ती कुपी ओळखतात, शस्त्रक्रिया करून बाहेर काढतात, आणि नागराज स्वतंत्र होतो.

विज्ञान दुष्ट आणि अध्यात्म साधु, असा सरळ अर्थ या कथेचा कोणी लावील. मला तो पटत नाहीं. योग्यानें केलें तें मंत्रानें नव्हे, शस्त्रक्रियेनें केलें. आणि नागमणि नागराज मोकळा झाल्यावरच शत्रु ठरतो असें नाहीं. त्यानें जाहिरात दिली त्याच क्षणीं तो ठरला. त्याचा दोष विष जाणण्याचा नाहीं, तें भाड्यानें देण्याचा आहे.

शिवाय गोरखनाथांचें नांव निघालें कीं रसविद्येचें नांव निघतेंच. ज्या सिद्धपरंपरेंत गोरक्षनाथांची गणना होते, तिच्याच याद्यांत नागार्जुनाचेंहि नांव येतें. पाऱ्याचे आणि धातूंचे प्रयोग करणारा म्हणून रसग्रंथ ज्याला गौरवितात तो हा नागार्जुन. या नांवाचे पुरुष एकाहून अधिक झाले असावेत; माध्यमिक मताचा तत्त्वज्ञ वेगळा आणि रससिद्ध वेगळा, असें बहुतेक इतिहासकार मानतात. लोकांनीं मात्र दोघांना एकच केलें आहे. भंडाऱ्याच्या शेजारीं नागपूर जिल्ह्यांत, रामटेकला, त्याच्या नांवाची टेकडी आजहि दाखवितात. सातव्या शतकांत ह्युएनत्संगानें कोसल देशाच्या वर्णनांत त्याची कथा नोंदली आहे. तो कोसल विदर्भांत कीं छत्तीसगडांत, हा वाद जुना आहे. विहार बांधतां बांधतां राजाचा खजिना रिता झाला, तेव्हां नागार्जुनानें शिळांवर औषध शिंपडून त्यांचें सोनें केलें, असें तो चिनी यात्रेकरू सांगतो. त्यानें तें सोनें कोणाला भाड्यानें दिल्याचें सांगत नाहीं.

त्याची दुसरी कथा अकराव्या शतकांतील सोमदेवाच्या कथासरित्सागरांत आहे. तेथें नागार्जुन हा चिरायु नामक राजाचा मंत्री. त्याच्या औषधीनें राजा आणि तो स्वतः शेंकडों वर्षें जरारहित राहिले. पुढें त्याचा एक लाडका मुलगा वारला. त्या शोकांत त्यानें सर्व मनुष्यांसाठीं अमृत सिद्ध करावयास घेतलें. तें पुरें होत आलें तेव्हां इंद्र घाबरला. मनुष्यें मरेनाशीं झालीं तर देवांत आणि त्यांच्यांत अंतर तें काय उरलें? त्यानें अश्विनीकुमारांना पाठवून निरोप दिला कीं, हें थांबव, तुझा मुलगा स्वर्गांत सुखी आहे. आणि नागार्जुनानें हातचें अमृत सोडून दिलें. सुपरमॅनच्या कथेंत हाच प्रसंग असता तर शास्त्रज्ञानें इंद्रावर यंत्र रोखलें असतें.

तरीहि त्याची सुटका झाली नाहीं. राजा मरेना म्हणून युवराजांना राज्य मिळेना. कित्येक युवराज वाट पाहतां पाहतां मरून गेले. जीवहर नांवाच्या नव्या युवराजाला त्याच्या आईनें उपाय सांगितला: भोजनाच्या वेळीं नागार्जुन याचकांना विचारतो, कोणाला काय हवें? त्या वेळीं त्याचें मस्तक माग. मुलानें तसें केलें. नागार्जुनानें मान पुढें केली. परंतु औषधीनें त्याचा देह असा कठीण झाला होता कीं युवराजाच्या तलवारी एकामागून एक मोडूं लागल्या. शेवटीं नागार्जुनानेंच एका तलवारीच्या पात्याला चूर्ण लावून दिलें.